मिथाइलची खूण पुसताना डीएनए कापावा का लागतो, आणि तरी तो तुटून का जात नाही

यकृतातील पेशी पित्त तयार करते आणि मेंदूतील चेतापेशी संदेश वाहून नेते, तरी या दोन्ही पेशींमधला डीएनए एकच असतो. प्रथिने घडवणारी सुमारे वीस हजार जनुके दोन्हीकडे अक्षरशः तीच असतात. वेगळे असते ते एवढेच की, यकृतात उघडी असलेली काही जनुके चेतापेशीत मिटलेली असतात आणि तिथली काही उघडी जनुके इथे मिटलेली असतात. जनुक मिटवून ठेवण्याच्या पेशीकडे अनेक युक्त्या आहेत आणि त्यांतली एक फार जुनी व फार टिकाऊ युक्ती म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गटाची खूण करणे. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच हा गट असतो. त्यामुळे अक्षर बदलत नाही, वाचनही बदलत नाही. परंतु जनुकाच्या आरंभाजवळच्या नियंत्रक भागात अशा खुणा दाटीने आल्या, की त्या जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनएच्या रूपात नक्कल होणे, सहसा थांबते.

ही खूण वाटेल त्या सायटोसिनवर होत नाही. आपल्या शरीरात ती बहुतांशी अशाच ठिकाणी होते जिथे सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असते. गुणसूत्रांच्या एका संचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत आणि त्यांतील ७० ते ८० टक्के जागांवर मिथाइलची खूण असते. या जागेचे एक वैशिष्ट्य आत्ताच लक्षात ठेवावे लागेल, कारण पुढचा सारा धोका त्यातूनच उद्भवतो. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एका धाग्यावर सायटोसिन-ग्वानिन अशी जोडी असेल, तर समोरच्या धाग्यावर, उलट दिशेने वाचल्यास, तीच जोडी असते. म्हणजे एका धाग्यावरच्या खुणेच्या अगदी समोर, एका अक्षराच्या अंतरावर, दुसऱ्या धाग्यावरही खूण असते. पेशी विभागताना नव्या धाग्यावर ही खूण पुन्हा उमटवता येते ती याच रचनेमुळे: डीएनएमटी-१ नावाचे विकर जुन्या धाग्यावरची खूण पाहते आणि तशीच नव्या धाग्यावर करते. यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी तयार होते, त्यामागे या नकलेचा मोठा वाटा आहे.

खूण करणे सोपे आहे. पुसणे मात्र अवघड. मिथाइल गटाचा कार्बन सायटोसिनच्या कड्यातील कार्बनला थेट जोडलेला असतो आणि दोन कार्बनमधील हा बंध सहजासहजी तुटत नाही. प्राण्यांच्या पेशीत तो बंध सरळ तोडून मिथाइल बाजूला काढणारे विकर असावे, असे अनेक वर्षे वाटत होते, शोधाशोधही झाली, पण सर्वमान्य होईल असे विकर हाती लागले नाही. एक वाट मात्र उघड होती. पेशी विभागत असताना नव्या धाग्यावर खूण केलीच नाही, तर दर विभाजनागणिक खुणांचे प्रमाण निम्मे होत जाते. ही निष्क्रिय वाट झाली आणि ती पेशीला खरोखरच उपयोगी पडते. पण चेतापेशी विभागत नाही. फलित अंड्यातही पित्याकडून आलेल्या डीएनएतील मिथाइलच्या खुणा पहिले विभाजन होण्याआधीच मोठ्या प्रमाणात बदललेल्या दिसतात. विभाजनाची वाट न पाहता खूण काढण्याचा काहीतरी मार्ग पेशीकडे असलाच पाहिजे, हे यातून स्पष्ट होते.

तो मार्ग २००९ ते २०११ या अवघ्या दोन वर्षांत उलगडला. भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अंजना राव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवले की, टेट-१ हे विकर मिथाइल गटाला ऑक्सिजन जोडते. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाला मेंदूतील पर्किन्जे पेशींमध्ये हेच बदललेले सायटोसिन मोठ्या प्रमाणात आढळले. टेट विकरांना या कामासाठी लोह, ऑक्सिजन आणि पेशीच्या श्वसनचक्रातून मिळणारा अल्फा-कीटोग्लुटारेट हा रेणू लागतो. २०११ मध्ये असे दिसून आले की, हे विकर एका पायरीवर थांबत नाही. मिथाइलचे आधी हायड्रॉक्सिमिथाइल होते, मग फॉर्मिल आणि शेवटी कार्बॉक्सिल. या शेवटच्या दोन रूपांतील सायटोसिन टीडीजी नावाचे विकर ओळखते आणि ते अक्षरच मुळापासून छाटून टाकते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या शोधाचा खरा अर्थ अनेकदा निसटतो. टीडीजी मिथाइल काढत नाही. ते संपूर्ण सायटोसिन काढते. कापडावरचा डाग धुऊन निघत नाही म्हणून तेवढ्या जागेचा धागा कापायचा आणि तिथे कोरा धागा घालून रफू करायचे, असा हा प्रकार आहे. जनुक उघडण्यासाठी पेशी आपल्याच डीएनएला इजा करते आणि मग ती इजा दुरुस्त करते. या दुरुस्तीसाठी तिच्याकडे वेगळी यंत्रणाही नाही. दररोज उष्णतेने, पाण्याने आणि ऑक्सिजनने प्रत्येक पेशीच्या डीएनएतील हजारो अक्षरे खराब होतात किंवा गळून पडतात आणि ती बदलण्यासाठी जी यंत्रणा रात्रंदिवस राबत असते, तीच इथेही वापरली जाते.

आता एकच जागा अगदी जवळून पाहू. टीडीजीने सायटोसिन छाटले की डीएनएच्या कण्यावर साखर तशीच राहते, पण तिच्यावरचे अक्षर गेलेले असते. अशी बिनअक्षरी जागा ठिसूळ असते, आपोआपही तुटू शकते. मग एपीई-१ हे विकर येते आणि त्या जागी धाग्याचा कणा कापते. आता धाग्यात खरोखरीची चीर पडलेली आहे. त्यानंतर पॉलिमरेज-बीटा येते, उरलेल्या साखरेचा तुकडा काढते आणि तिथे एक कोरे सायटोसिन बसवते. शेवटी लायगेज-३ येऊन टोके सांधते. चार विकरे, चार कामे. क्रम चुकला किंवा मधल्याच पायरीवर काम रेंगाळले, तर पेशीजवळ उघडी चीर राहते. आणि ज्या जोडीचा आधी उल्लेख केला ती आठवावी: समोरच्या धाग्यावर, एका अक्षराच्या अंतरावर, दुसरे मिथाइलयुक्त सायटोसिन याच उपचाराची वाट पाहत असते. दोन्ही धागे एकाच वेळी कापले गेले, तर डीएनए आरपार तुटतो. आरपार तुटलेला डीएनए ही पेशीवर ओढवणाऱ्या सर्वांत गंभीर आपत्तींपैकी एक आहे. त्यातून गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या ठिकाणी जोडले जातात, आणि कर्करोगाची सुरुवातही होऊ शकते.

हे सारे नीट पार पडण्यामागे ज्या प्रथिनाचा मोठा हात आहे, त्याच्या अंगी यांपैकी एकही काम करण्याची क्षमता नाही. त्याचे नाव एक्सआरसीसी-१. ते काही कापत नाही, काही जोडत नाही, अक्षर बसवत नाही. त्याची स्वतःची कोणतीही विकरक्रिया आजवर आढळलेली नाही. इतर प्रथिनांना धरून ठेवणे आणि योग्य जागी एकत्र आणणे हेच त्याचे काम. अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ परांची-प्रथिने म्हणतात, इमारतीभोवती बांबूंची परांची बांधावी तशी. उपमा उपयोगी आहे, पण मला ती अपुरी वाटते. परांची एकदा बांधली की काम संपेपर्यंत जागेवर उभी असते. एक्सआरसीसी-१ मात्र चीर पडली की येते आणि सांधली गेली की निघून जाते. शिवाय, कोणत्या विकराने कधी यावे आणि कोणी आता बाजूला व्हावे, हेही बऱ्याच अंशी त्याच्यामुळे ठरते. उपमेची ही मर्यादा ध्यानात ठेवून तो शब्द वापरायला हरकत नाही.

या प्रथिनाचा शोध मिथाइलचा विचार करताना लागलेला नाही. चिनी हॅमस्टरच्या पेशींचा ईएम-९ नावाचा एक वाण प्रयोगशाळेत वाढवला जात होता. त्या पेशी डीएनएला इजा करणाऱ्या काही रसायनांनी आणि किरणोत्साराने इतर पेशींपेक्षा लवकर मरत, चिरा सांधायला त्यांना जास्त वेळ लागे, आणि गुणसूत्रांच्या जुळ्या धाग्यांमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण नेहमीच्या सुमारे दहापट होई. १९९० मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील गटाने या पेशींतला दोष भरून काढणारे मानवी जनुक वेगळे केले, आणि त्याला क्ष-किरणांच्या इजेच्या दुरुस्तीवरून हे नाव पडले. पुढे लक्षात आले की, ईएम-९ पेशींमध्ये लायगेज-३ चे प्रमाणही कमी असते. जनुक तर एक्सआरसीसी-१ चे बिघडलेले होते. मग लायगेज का घटावे? कारण एक्सआरसीसी-१ ला जोडलेले असताना लायगेज-३ टिकते, आणि आधार गेला की ते पेशीत फार काळ तग धरत नाही. आधार देणे या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ रेणूंच्या जगात क्वचितच पाहायला मिळतो.

मानवी एक्सआरसीसी-१ मध्ये ६३३ अमिनो आम्ले असतात. त्याचे तीन भाग घट्ट घडी घातलेले आहेत आणि त्यांना जोडणारे पट्टे लांब, सैल, हवे तसे वळणारे आहेत. सुरुवातीचा घट्ट भाग पॉलिमरेज-बीटाला धरतो. शेवटचा भाग लायगेज-३ ला धरतो. मधला भाग विकर धरत नाही. तो एक इशारा ओळखतो. डीएनएत चीर पडल्याबरोबर पार्प-१ हे प्रथिन काही सेकंदांत तिथे पोचते आणि आपल्यावर व शेजारच्या प्रथिनांवर एडीपी-रायबोजच्या लांब साखळ्या विणू लागते. या साखळ्या म्हणजे चीर कुठे पडली आहे ते दाखवणारा झेंडा. एक्सआरसीसी-१ चा मधला भाग त्या साखळ्यांना चिकटतो आणि त्यामुळे ते आपल्या सोबतच्या विकरांसह नेमक्या त्या जागी उतरते. सैल पट्ट्यांवरही फॉस्फेटच्या खुणा होतात आणि बिघडलेली टोके साफ करणारी आणखी विकरे तिथे अडकतात. जणू सगळी हत्यारे एकाच पट्ट्याला लटकवून कारागीर कामावर यावा.

मिथाइल काढण्याच्या कामात या प्रथिनाचा नेमका वाटा काय, हे स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठात प्रिमो शेर यांच्या गटाने पायरीपायरीने तपासले. २०१६ मध्ये त्यांनी शुद्ध केलेली प्रथिने परीक्षानळीत एकत्र करून मिथाइलयुक्त सायटोसिनपासून कोऱ्या सायटोसिनपर्यंतची संपूर्ण वाटचाल पुन्हा उभी केली. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. टेट-१ आणि टीडीजी ही दोन विकरे एकमेकांना प्रत्यक्ष धरून काम करतात. आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर खुणा असल्या तरी त्या एकाच वेळी छाटल्या जात नाहीत. एका धाग्याचे काम पुरे होते, मग दुसऱ्याचे सुरू होते. आरपार तुटण्याचा जो धोका वर सांगितला, तो या शिस्तीमुळे टळतो.

शिस्त येते कुठून, याचा एक धागा टीडीजीच्या स्वभावात आहे. अक्षर छाटल्यावर टीडीजी ती बिनअक्षरी जागा सोडत नाही. घट्ट धरून बसते. हे एका परीने चांगले आहे, कारण ठिसूळ जागा उघडी पडत नाही. पण ते बाजूला झाल्याशिवाय पुढच्या विकराला जागा मिळत नाही. २००२ मध्ये याच क्षेत्रातील संशोधकांनी दाखवले की, टीडीजीवर सुमो नावाचे एक छोटे प्रथिन जोडले गेले की त्याची पकड ढिली होते. २०१९ मध्ये बाझलच्या गटाने उंदरांच्या भ्रूणातील मूलपेशींमध्ये पुढचा भाग दाखवला. मूलपेशी विशिष्ट प्रकारच्या पेशीकडे वळू लागली की मिथाइलचे फॉर्मिल आणि कार्बॉक्सिल रूप वेगाने तयार होऊ लागते, म्हणजे छाटण्याचे कामही एकदम वाढते. अशा वेळी टीडीजी आणि एक्सआरसीसी-१ या दोघांवरही सुमो जोडले जाते, त्यामुळे ती एकमेकांजवळ येतात आणि दुरुस्तीचा सगळा संच जागेवर जमतो. छाटणारा आणि सांधणाऱ्यांना सोबत आणणारा, या दोघांमधली ही पकड म्हणजेच एका हातातून दुसऱ्या हातात काम सोपवणे होय. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा तपशील हाच आहे, कारण धोक्याची जागा एक क्षणही बेवारस राहत नाही.

प्रत्यक्ष शरीरात हे घडते का, हा प्रश्न साहजिकच येतो. उंदराच्या भ्रूणात पुढे बीजांडे आणि शुक्रपेशी होणाऱ्या आद्य पेशींमध्ये मिथाइलच्या बहुतेक सर्व खुणा पुसल्या जातात. पेट्रा हाइकोव्हा, अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, नेमक्या त्याच सुमारास या पेशींच्या डीएनएवर एक्सआरसीसी-१ चिकटलेले दिसते; फलित अंड्यात पित्याच्या डीएनएवरही ते दिसते. पुढच्या अभ्यासांनी हेही दाखवले की, आद्य पेशींतील पुसण्यात विभाजनातून होणाऱ्या निष्क्रिय वाटेचा हिस्सा बराच मोठा आहे. दोन्ही वाटा एकत्र चालतात. उंदराच्या भ्रूणात टीडीजीच नसेल, तर तो गर्भातच मरतो; एक्सआरसीसी-१ नसेल तर त्याहूनही लवकर.

सर्वांत बोलका पुरावा मात्र चेतापेशींकडून आला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील आंद्रे नुसेन्झ्वाइग आणि सहकाऱ्यांनी मूलपेशींपासून तयार केलेल्या मानवी चेतापेशींमध्ये डीएनए नेमका कुठे दुरुस्त होतो याचा नकाशा काढला. अपेक्षा अशी असू शकते की, चिरा कुठेही, विखरून पडतील. तसे झाले नाही. एका धाग्यावरील चिरांची दुरुस्ती मोठ्या प्रमाणात वर्धक भागांमध्ये एकवटलेली आढळली. वर्धक म्हणजे दूरवरच्या जनुकाचे काम वाढवणारे डीएनएचे तुकडे. चेतापेशीची ओळख टिकवणाऱ्या जनुकांची कळ तिथेच असते. आणि या चिरा त्या तुकड्यांतही सायटोसिन-ग्वानिन जोड्यांजवळ, जिथे मिथाइल काढले जाते तिथे होत्या. म्हणजे या चिरा केवळ अपघाताने पडलेल्या नव्हत्या. जनुक चालू ठेवण्यासाठी पेशी ठरावीक जागी पुन्हा पुन्हा चीर पाडते आणि ती पार्प व एक्सआरसीसी-१ च्या मदतीने पुन्हा पुन्हा सांधते. आयुष्यभर न विभागणाऱ्या पेशीने आपली सर्वांत मोलाची जागाच वारंवार कापत राहावे, ही गोष्ट वाचली तेव्हा मला ती पटायला वेळ लागला.

पण कापायची जागा ठरवते कोण? दोन कोटींहून अधिक जागांपैकी नेमक्या कोणत्या जागी टेट विकर यावे, हे एक्सआरसीसी-१ सांगत नाही. ते चीर पडल्यावर येते. पत्ता सांगण्याच्या कामातही पुन्हा स्वतः काही न कापणारी प्रथिने दिसतात. जर्मनीतील क्रिस्टॉफ नीर्स यांच्या गटाने २००७ मध्ये गॅड-४५-ए या प्रथिनाचे नाव पुढे केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याला आक्षेप घेतला आणि वाद काही काळ चालला. २०१४ आणि २०१९ मधल्या कामातून त्या प्रथिनाची भूमिका बरीच स्पष्ट झाली. टीसीएफ-२१ या जनुकाशेजारून टारिड नावाचा एक आरएनए तयार होतो, जो प्रथिन घडवत नाही. तो डीएनएच्या एका धाग्याला चिकटून दुसऱ्या धाग्याचा फास तयार करतो. गॅड-४५-ए हा फास ओळखते आणि टेट-१ ला तिथे बोलावते. मग त्या जागचे मिथाइल निघते आणि जनुक उघडते. टीसीएफ-२१ हे गाठींना आळा घालणारे जनुक आहे आणि डोके, मान व फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत ते मिथाइलमुळेच मिटलेले आढळते, म्हणून या तपशिलाला प्रयोगशाळेबाहेरही महत्त्व आहे.

आता एक्सआरसीसी-१ नसेल तर काय होते, ते पाहू. सर्वसाधारण समज असा की, दुरुस्ती होणार नाही आणि पेशी तुटलेल्या डीएनएमुळे मरेल. हे अर्धे खरे आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कीथ कॅल्डेकॉट हे या प्रथिनावर अनेक दशके काम करत आहेत. त्यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की, खरे नुकसान बऱ्याचदा झेंडा फडकावणाऱ्या पार्प-१ मुळे होते. एक्सआरसीसी-१ असते तेव्हा चीर लवकर सांधली जाते आणि पार्प-१ मोकळे होते. ते नसेल, तर पार्प-१ अर्धवट दुरुस्त झालेल्या जागीच अडकून बसते आणि साखळ्या विणतच राहते. या अतिरेकामुळे शेजारच्या हिस्टोन प्रथिनांवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने), जनुक वाचण्यासाठी लागणाऱ्या काही खुणा नाहीशा होतात आणि प्रतिलेखन मंदावते. पार्प-१ काढून टाकले किंवा त्याचे काम रोखले, तर प्रतिलेखन पुन्हा सुरू होते. म्हणजे हे परांची-प्रथिन जनुकांचे कामकाज दोन बाजूंनी सांभाळते: मिथाइल निघाल्यावर जागा नीट सांधून जनुकाला वाचण्याजोगे ठेवते आणि सांधण्याच्या धांदलीत मदतनीसच वाचनात अडथळा होऊ नये, याची काळजी घेते.

त्याची वैद्यकीय बाजू २०१७ मध्ये समोर आली होती. एक्सआरसीसी-१ च्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या एका रुग्णामध्ये चालण्याचा तोल हळूहळू ढासळत गेला, डोळे हवे तिकडे वळवणे अवघड झाले आणि हातापायांच्या चेता क्षीण झाल्या. तोल सांभाळणाऱ्या अनुमस्तिष्कातील पेशी झिजत होत्या. त्या रुग्णाच्या पेशींमध्ये पार्प-१ चे काम प्रमाणाबाहेर वाढलेले होते. मग संशोधकांनी मेंदूत एक्सआरसीसी-१ नसलेल्या उंदरांकडे पाहिले. या उंदरांतही अनुमस्तिष्कातील पेशी नाहीशा होतात आणि चालताना त्यांचा तोल जातो. त्याच उंदरांमधून पार्प-१ चे जनुकही काढून टाकले, तेव्हा चिरा लवकर सांधल्या जातील असे काही झाले नाही, परंतु अनुमस्तिष्कातील त्या चेतापेशी वाचल्या आणि उंदरांचे चालणे पुष्कळच सुधारले.